भुदरगडातला समुद्र

मामांनी पुस्तक मांडीवर पालथं घातलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, ‘‘आरं, आपल्या भुदरगडाला समिंदर कवा लागला?’’

माझा कथासंग्रह छापून येऊन पंधरवडाही झाला नव्हता. 300 प्रती, 160 पानं. लेखक मी, प्रकाशक मी, मुखपृष्ठावरचा फोटोही मीच काढलेला. आणि पान 87 वर माझा गवळी धनगर म्हसरं घेऊन ‘दर्यांत’ उतरला होता. त्याला उतरायचं होतं दऱ्यांत. पाटगावच्या वरच्या रानातून तो थेट समुद्रात गेला, म्हशींसकट. अशा चार जागा निघाल्या.

आपला हा ‘र’ मोठा खट्याळ. आचार्यांना द्यायचा मान वेगळा आणि आचाऱ्यांना द्यायचा वेगळा, पण फरक सगळा एका रफाराचा. मी युनिकोडमध्ये टाइप करताना न दिसणारी एक खूण मध्ये घालून तो आडवा र मिळवतो. पानं लावणाऱ्याने मजकूर त्याच्याकडच्या जुन्या फाँटमध्ये फिरवला, तेव्हा ती खूण गळाली आणि र रफार होऊन पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसला. त्याला तरी काय बोलणार? मुद्रितं मीच तपासली होती, तीन वेळा. तिन्ही वेळा मला दऱ्याच दिसल्या. लेखक स्वतःचा मजकूर वाचत नसतोच, आठवत असतो.

पुस्तक स्वतः काढायचं ठरवलं, तेव्हा लोकांनी वितरणाची भीती घातली. ती खरी आहे. दुकानदार 40 टक्के सूट मागतो आणि पैसे त्याच्या सवडीने देतो. त्यात नवल नाही. आयएसबीएन मात्र मिळाला, राजा राममोहन रॉय यांच्या नावाच्या राष्ट्रीय एजन्सीकडून, आणि त्याला एक पैसाही पडला नाही. ही कामं कंटाळवाणी असतात, पण होतात. मला उणीव भासली ती प्रकाशकाच्या शिक्क्याची नव्हे. ‘हे नको’ म्हणणारं माणूस घरात नव्हतं. कथा मित्रांना व्हॉट्सॲपवर पाठवाव्यात, तर उत्तरादाखल अंगठा येतो किंवा जोडलेले हात. जोडलेल्या हातांचा अर्थ मला अजून लागलेला नाही.

ते ‘नको’ शेवटी म्हटलं छापखानेवाल्याने, तेही एक ओळ न वाचता. पानं लागली तेव्हा मजकूर 163 पानांचा झाला होता. ‘‘डेमीचा फर्मा सोळा पानांचा,’’ तो म्हणाला. ‘‘दहा फर्मे आणि वर तीन पानं. तीन काढा, नाहीतर तेरा भरा. एवढ्या प्रतींना मधलं काही परवडत नाही.’’

तेरा पानं भरायचा मोह झाला, खोटं कशाला बोलू. एक जुनी कथा पडून होतीच. पण कागदाचा भाव ऐकला आणि कात्री हातात घेतली. शेवटच्या कथेत म्हातारी दाराला कडी घालून एसटीची वाट बघत बसते, त्यानंतर तिच्या मनात काय काय चाललं होतं ते मी दोन पानं सांगत बसलो होतो. ती दोन पानं गेली. उरलेलं एक पान इथल्या तिथल्या विशेषणांतून निघालं. कथा आता कडीपाशी थांबते. आजवर जेवढ्या वाचकांनी फोन केले, त्यांतल्या बहुतेकांनी त्या कडीबद्दलच विचारलं: ती गेली की परत घरात आली? माझी दोन पानं असती, तर कुणी कशाला विचारलं असतं?

स्वतंत्र लेखक म्हटलं की आपल्याला अनियतकालिकांचा काळ आठवतो. तो आठवावाच. पण आपण त्यातलं बंड तेवढं उचलतो आणि सोबत विसरतो. 1977 मध्ये ‘अरुण कोलटकरच्या कविता’ निघाल्या त्या प्रास प्रकाशनातर्फे, आणि प्रास म्हणजे अशोक शहाणे. कोलटकरांसारख्यालाही शहाण्यांसारखा माणूस जवळ होता. मला फर्मा भेटला, नंतर मामा.

मामांनी चार जागा दाखवल्यावर गावात वाटलेल्या डझनभर प्रती मी परत मागून आणल्या आणि घरातल्या गठ्ठ्याशेजारी काळं पेन घेऊन बसलो. छापील शब्दावर आडवी रेघ, वर हाताने ‘दऱ्या’. 296 प्रती, प्रत्येकीत चार जागा, म्हणजे 1184 दुरुस्त्या. सहा रात्री लागल्या. पहिल्या रात्री नुसती चिडचिड. दुसऱ्या रात्री शब्दाच्या मागची-पुढची ओळ वाचली जायला लागली, आणि शंभर प्रती झाल्यावर कळलं की चारांपैकी दोन ठिकाणी तो शब्दच नको होता. डोंगर उतरणारा माणूस दरीतच जाणार. तिथे मग मी शब्द खोडला आणि वर काहीच लिहिलं नाही. आधीच्या शंभर प्रतींत तो आहे. माझ्या पुस्तकाच्या दोन आवृत्त्या अशा एकाच गठ्ठ्यातून निघाल्या.

आता म्हणाल, 300 मधल्या चार प्रती कुठे गेल्या? त्या मामांच्या हाती पुस्तक पडायच्या आधीच टपालात पडल्या होत्या. 1954 च्या कायद्याने प्रकाशकाला प्रत्येक पुस्तकाच्या चार प्रती चार ग्रंथालयांना स्वखर्चाने पाठवाव्या लागतात, आणि प्रकाशक मीच होतो. हौसेने, पहिल्याच आठवड्यात पाठवल्या. त्या काही परत मागता येत नाहीत. कोलकाता, मुंबई, चेन्नई आणि दिल्ली इथे भुदरगडाला अजून समुद्र आहे.