ताठरतेच्या गोळ्या चालत नाहीत? इम्प्लांटचा विचार करण्यापूर्वी हे वाचा

माझ्या दवाखान्यात ही तक्रार कोणी सुरुवातीला सांगत नाही. आधी गुडघेदुखी, मग ॲसिडिटी. बीपी तपासून होतो, चिठ्ठी हातात पडते आणि पेशंट दाराशी जाऊन परत वळतो. "डॉक्टर, अजून एक विचारायचं होतं..." ते 'अजून एक' विचारायला अनेकांनी चार-पाच वर्षं घेतलेली असतात. मधल्या काळात भिंतीवरच्या जाहिराती वाचून गुपचूप चूर्णं खाऊन झालेली असतात. म्हणून आज स्पष्टच लिहितो.

लिंगात स्पंजसारख्या दोन नळ्या असतात. मेंदूकडून इशारा आला की त्यांच्या रक्तवाहिन्या सैल होतात, रक्त भरतं, रक्त बाहेर नेणाऱ्या शिरा दाबल्या जातात आणि ताठरता टिकते. बरीच वर्षं मधुमेह असेल, धूम्रपान असेल किंवा प्रोस्टेटच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं असेल, तर या रक्तवाहिन्यांना आणि नसांना इजा होते. वयाचा वाटा असतो, पण 'आता वय झालं' म्हणून सोडून देण्याची ही गोष्ट नाही.

सिल्डेनाफिल हे औषध 1998 साली बाजारात आलं आणि बहुतेकांचा प्रश्न गोळीवर सुटू लागला. "गोळी चालली नाही" म्हणणाऱ्यांना मी आधी विचारतो, कशी घेतली? भरपेट जेवणावर घेतली, एकदाच घेतली किंवा नुसती घेऊन वाट पाहत बसलात, तर ती फसते. गोळी इच्छा निर्माण करत नाही, इच्छेला साथ देते. हृदयासाठी नायट्रेटची औषधं चालू असतील तर मात्र ती अजिबात घ्यायची नाही. बीपी धोकादायक पातळीपर्यंत उतरतो. गोळ्यांनंतर लिंगात घ्यायची इंजेक्शनं आणि व्हॅक्यूम पंप हे पर्याय आहेत. तेही जमले नाहीत तर इम्प्लांट.

इम्प्लांट म्हणजे काय?

त्या दोन नळ्यांत ऑपरेशन करून दोन कृत्रिम दांडे बसवतात. मुख्य प्रकार दोन. पहिला वाकणारा: लिंग कायम घट्टसर राहतं, हवं तेव्हा सरळ आणि एरवी खाली वळवायचं. असे इम्प्लांट भारतातही बनतात आणि तुलनेने स्वस्त पडतात. दुसरा फुगवता येणारा. अमेरिकेत डॉ. ब्रँटली स्कॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1973 साली तो लोकांसमोर आणला. यात दोन पोकळ नळ्या, ओटीपोटात सलाईनची छोटी पिशवी आणि अंडकोषाच्या पिशवीत पंप असतो. पंप दाबला की ताठरता येते, बटण दाबलं की जाते. बाहेरून काही दिसत नाही. किंमत मात्र अनेक पट जास्त.

माझ्या एका पेशंटची गोष्ट सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. वय 58, मधुमेह जुना, सगळे उपाय करून थकलेले. त्यांना माझ्याकडून फक्त सर्जनचं नाव हवं होतं. मी आधी साखर आणि हृदयाच्या तपासण्या लिहून दिल्या, तेव्हा ते चिडले. "दुखणं कुठे आणि तपासताय काय?"

कारण असं आहे. लिंगाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांपेक्षा बारीक असतात, त्यामुळे अडथळ्याचा परिणाम तिथे आधी दिसतो. छातीत दुखण्याच्या काही वर्षं आधी मिळालेली ही सूचना असू शकते. दुसरं म्हणजे, वाढलेल्या साखरेत इम्प्लांटला जंतुसंसर्ग होण्याचा धोका वाढतो. एरवी तो शंभरात एक ते तीन जणांना होतो, पण झाला तर बहुधा इम्प्लांट काढावा लागतो. त्यांची साखर आटोक्यात यायला तीन महिने लागले. मगच ऑपरेशन झालं.

त्याआधी मी त्यांना पत्नीला घेऊन यायला सांगितलं. वहिनी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मला याची एवढी गरज नाही हो. पण हे हल्ली जवळच बसत नाहीत. हात लावला तरी दचकतात." खरं दुखणं तेव्हा कळलं. ऑपरेशनचा निर्णय त्यानंतर दोघांनी मिळून घेतला.

ऑपरेशनपूर्वी हे नक्की समजून घ्या

इम्प्लांटने ताठरता मिळते. इच्छा, स्पर्शाची जाणीव आणि वीर्यपतन साधारणपणे आधी होतं तसंच राहतं. लांबी वाढत नाही; उलट थोडी कमी वाटू शकते. माझे पेशंटही त्यामुळे सुरुवातीला खट्टू झाले होते.

हा परतीचा रस्ता नाही. आतला नैसर्गिक स्पंज दबून जातो. पुढे इम्प्लांट काढला तर गोळ्यांचा उपयोग होईल असं समजू नका.

ते यंत्र आहे, बिघडू शकतं. बहुतेक इम्प्लांट दहा वर्षं किंवा त्याहून अधिक चालतात, पण पुन्हा ऑपरेशन लागू शकतं. संबंध साधारण चार ते सहा आठवड्यांनंतर, सर्जनने तपासून परवानगी दिल्यावरच. पुढे कधी लघवीची नळी किंवा एमआरआय करायची वेळ आली तर इम्प्लांट असल्याचं आधी सांगा.

सर्जनला एक प्रश्न बिनधास्त विचारा: "तुम्ही अशी ऑपरेशनं किती केलीत?" या कामात सरावाला फार महत्त्व आहे.

योग्य पेशंट निवडला, तर इम्प्लांट बसवलेले बहुतेक पुरुष आणि त्यांच्या पत्नी समाधानी असतात. प्रत्येकाला ऑपरेशन लागेलच असं नाही. अनेकांचं काम साखर, सिगारेट आणि गोळीची वेळ सुधारूनच होतं. पण ते कळण्यासाठी बोलावं लागेल. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाल तेव्हा दाराशी जाईपर्यंत थांबू नका. खुर्चीत बसल्या बसल्या हीच तक्रार आधी सांगा. आम्हाला त्यात नवल वाटत नाही.