सिलिकाचा बंध आणि कागदावरचा क्लेम

सिलिकाचे दोन कण रासायनिक बंधाने जोडले गेलेत की नुसते एकमेकांना टेकून बसलेत, हे बघून सांगता येत नाही. पूड दोन्हीकडे पांढरीच. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच्या फोटोतही कणाला कण लागलेला दिसतो, बंध दिसत नाही. मी पेटंट एजंट आहे, रसायनांचे मसुदे लिहिते, आणि सिलिकाच्या फायलींमध्ये भांडण बहुतेक वेळा नेमकं या न दिसणाऱ्या जागी येऊन थांबतं. अर्जदार म्हणतो, आमचे कण रासायनिक बंधाने जोडलेले आहेत. परीक्षक म्हणतो, जुन्या पेटंटमधलेही असणारच, त्यांनी तसं लिहिलं नसेल इतकंच.

परीक्षकाचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नसतं. सिलिकाच्या कणावर सर्वत्र सिलॅनॉल गट असतात, म्हणजे सिलिकॉनला लागलेले ओएच. दोन कण जवळ आले की दोन सिलॅनॉलमधून पाण्याचा एक रेणू निघून जातो आणि मध्ये सिलिकॉन-ऑक्सिजन-सिलिकॉन असा पूल उभा राहतो. अशा जोडलेल्या कणांचं जेल तसंच मुरत ठेवलं की कणाच्या फुगीर भागावरची सिलिका विरघळते आणि दोन कणांच्या बेचक्यात जाऊन बसते. तिथली मान जाड होते. असं जेल सुकवून केलेल्या एअरोजेलमध्ये नव्वद टक्क्यांहून अधिक जागा हवेची, आणि उरलेल्या घन भागाचं सगळं बळ या मानांमध्ये. राजगिऱ्याच्या लाडवासारखं आहे हे: दाणा हलका, लाडू हलका, आणि तो दाताखाली कसा फुटेल हे दाण्यापेक्षा दाण्यांमधल्या गुळावर ठरतं.

हे सगळं आपोआप घडतं, आणि पेटंटची अडचण तिथेच सुरू होते. सॅम्युअल किस्लर यांनी 1931 मध्ये ‘नेचर’मध्ये एअरोजेलचं टिपण छापलं, तेव्हा त्यांच्या जेलमध्येही हे पूल होतेच. त्यामुळे ‘रासायनिक बंधाने जोडलेले सिलिकाचे कण’ एवढाच क्लेम, म्हणजे हक्काचा दावा, कुणी घेऊन आलं, तर त्याचं नावीन्य किस्लर यांच्यापाशीच संपतं. बंध असणं नवं नाही. तो कशाचा, कुठे आणि किती, यात नवेपणा असू शकतो.

निकोलस लेव्हेंटिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2002 मध्ये दाखवलेलं काम मला म्हणूनच आवडतं. त्यांनी सिलिकाच्या तयार सांगाड्यावर डायआयसोसायनेटची प्रक्रिया केली. ते कणांच्या पृष्ठभागावरच्या गटांना धरून पॉलिमर बनलं आणि कणाकणांमध्ये पूल बांधत गेलं. घनता सुमारे तिप्पट झाली, पण तो तुकडा मोडायला तीनशे पटींहून अधिक भार लागू लागला. अशा फायलीत परीक्षकाला सांगायला काहीतरी असतं. पूल वेगळ्या द्रव्याचा आहे, तो कुठून कुठे जातो हे माहीत आहे, आणि त्याचा परिणाम मोजलेला आहे.

दुसरं उदाहरण आपल्या कोल्हापूरचं. शिवाजी विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागातल्या एअर ग्लास लॅबोरेटरीत ए. व्यंकटेश्वर राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मिथाइलट्रायमिथॉक्सीसिलेनपासून लवचिक एअरोजेल केलं, त्याचा शोधनिबंध 2006 चा आहे. त्या रेणूत सिलिकॉनला चार हात, त्यातले तीन शेजाऱ्याला धरतात आणि चौथ्यावरचा मिथाइल गट कुणालाच धरत नाही. बंध कमी झाले म्हणून जाळं ठिसूळ राहत नाही, वाकतं आणि पुन्हा वर येतं. त्याच मिथाइलमुळे पाणीही आत शिरत नाही. लवचिक सिलिका एअरोजेलचा अर्ज माझ्याकडे आला, मग तो कुठल्याही देशातला असो, की मी आधी हा निबंध काढून टेबलावर ठेवते. प्रायर आर्टला, म्हणजे आधीपासून उघड असलेल्या ज्ञानाला, सरहद्द नसते. आपल्या विद्यापीठांतले प्रबंध ‘शोधगंगा’वर चढले की तेही त्यात आले. एखाद्या प्रबंधाच्या प्रयोगविभागातली कृती परदेशी अर्जदाराचा पहिला क्लेम अडवू शकते, आणि तसं झालं तर मला त्यात काहीच वावगं वाटत नाही. ते ज्ञान आधी इथे कुणीतरी मेहनतीने मिळवून सगळ्यांपुढे ठेवलेलं असतं.

आता पुराव्याचं ओझं कुणावर? अमेरिकेत याचं उत्तर 1977 च्या बेस्ट प्रकरणात मिळालं. तिथेही वस्तू सिलिकाच्या कुळातलीच होती, झिओलाइट. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं: जुनी कृती आणि नवी कृती जवळपास सारखी असेल, तर जुन्या वस्तूत दावा केलेला गुण नव्हता हे अर्जदाराने दाखवावं. पेटंट कार्यालयाकडे जुन्या वस्तू पुन्हा बनवून मोजायला प्रयोगशाळा नसते. या निकालावर अर्जदारांची बाजू मांडणारे लोक कुरकुरतात. मी त्याच बाजूने काम करते आणि तरीही मला तो न्याय्य वाटतो. पेटंट वीस वर्षं रस्ता अडवतं. न मोजलेल्या बंधाच्या जोरावर तो अडवू देणं म्हणजे उद्या त्याच जेलवर काम करू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला विनाकारण बाहेर ठेवणं.

भारतीय कायद्यात आणखी दोन उंबरे आहेत. कलम 3(ड) च्या स्पष्टीकरणात, ज्ञात पदार्थाची जी रूपं वेगळी मानायची नाहीत त्यांच्या यादीत ‘कणांचा आकार’ स्पष्ट लिहिला आहे. परिणामकारकतेत लक्षणीय फरक दाखवला तरच सुटका. 2013 च्या नोव्हार्टिस निकालात सर्वोच्च न्यायालयाने औषधासाठी परिणामकारकता म्हणजे उपचारातली परिणामकारकता असं ठरवलं. मग उष्णतारोधकासाठी काय? माझ्या मते वस्तू ज्या कामासाठी आहे तेच काम मोजावं. स्थिर हवेची उष्णतावाहकता साधारण 0.025 वॅट प्रति मीटर केल्विन, चांगल्या सिलिका एअरोजेलची 0.015 च्या आसपास. कारण त्यातली छिद्रं इतकी बारीक असतात की हवेचे रेणू एकमेकांवर आदळण्याआधी भिंतीवर आदळतात. कण बारीक करून हा आकडा हलला असेल तर तो लिहावा. हलला नसेल, तर आकार बदलल्याचं कौतुक परीक्षकाला सांगून उपयोग नाही.

कलम 3(ई) नुसत्या मिश्रणाला पेटंट देत नाही. इथे टायरचं रसायन बोलकं आहे. रबरात सिलिका नुसती घोटली तर कण एकमेकांनाच धरून गोळा होतात. गंधक असलेलं सिलेन घातलं की त्याचं एक टोक सिलिकाला लागतं आणि व्हल्कनायझेशनमध्ये दुसरं टोक रबराला. मिशलँने 1990 च्या दशकात कमी इंधन खाणारे टायर आणले ते या जोडणीच्या बळावर. अशा फायलीत मी तीन नमुने मागते: सिलेनशिवाय, सिलिकाशिवाय आणि दोन्ही एकत्र. तिसऱ्याचा आकडा पहिल्या दोघांच्या बेरजेने समजावता येत नसेल, तर मिश्रणाचा आक्षेप आपोआप मवाळ होतो.

मसुदा लिहिताना मला सर्वाधिक शिकवलं ते अ‍ॅस्पेन एअरोजेल्सच्या खटल्याने. त्यांच्या अमेरिकी पेटंटात फुगीर, दाबून परत वर येणाऱ्या तंतूंचा थर आणि त्यातून सलग पसरलेलं एअरोजेल असा क्लेम होता. गुआंगडाँग अ‍ॅलिसन या चिनी कंपनीने म्हटलं की थर किती फुगीर हे संदिग्ध आहे, आणि राममूर्ती यांच्या 1994 च्या पेटंटात हे सगळं आधीच आहे. अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाने 2018 मध्ये आयात रोखली आणि 2019 मध्ये फेडरल सर्किट या अपील न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. क्लेम टिकण्याचं एक मोठं कारण म्हणजे स्पेसिफिकेशनमध्ये, म्हणजे अर्जातल्या सविस्तर वर्णनात, त्या थराची व्याख्या, उदाहरणं आणि दाबून बघण्याची मापं आधीपासून होती. वाद पेटल्यावर कुणी ती लिहून आणली नव्हती. भांडण सुरू होण्याच्या कितीतरी आधी कुणीतरी शांतपणे बसून ते परिच्छेद लिहिले होते, याचा मला हेवा वाटतो.

युरोपात जुलै 2025 पासून काम आणखी कठीण झालं आहे. तिथल्या पेटंट कार्यालयाच्या विस्तारित अपील मंडळाने सांगितलं की बाजारात विकली गेलेली वस्तू प्रायर आर्टच. ती कशी बनवली हे तेव्हा कुणाला उकलता आलं नसलं तरी. म्हणजे दुकानातल्या सिलिकाच्या पोत्यातले बंधही हिशेबात धरायचे.

म्हणून हल्ली कुणी जोडलेल्या कणांचं काही घेऊन आलं की मी प्रायर आर्टमधली सगळ्यात जवळची कृती त्यांनाच पुन्हा करायला लावते. “मॅडम, दुसऱ्याचं जुनं जेल आम्ही कशाला बनवायचं? आमचंच सुकायला किती दिवस लागतात,” एका तरुण संशोधकाने विचारलं. तरी त्याने बनवलं. सिलिकॉनच्या एनएमआरमध्ये दोन्ही नमुन्यांची टी-2 आणि टी-3 शिखरं (दोन आणि तीन पूल असलेल्या सिलिकॉनची) जवळजवळ सारखी आली. बंधांचं प्रमाण नवं नव्हतं. तो खट्टू झाला, पण दोन्ही नमुने निम्म्यापर्यंत दाबून सोडल्यावर जुना तिथेच बसून राहिला आणि त्याचा वर आला. फरक बंधांच्या संख्येत नव्हता, मुरवण्याच्या द्रावणात होता. त्या द्रावणाने माना जाड झाल्या होत्या. आम्ही पहिल्या क्लेममधून ‘रासायनिक बंधाने जोडलेले’ हा आधार काढला आणि मुरवण्याचं द्रावण, कालावधी व परत वर येण्याची टक्केवारी घातली. जुन्या जेलचे आकडे स्पेसिफिकेशनमध्ये शेजारच्या रकान्यात छापले, शिखरं सारखी आल्याच्या नोंदीसकट. अर्ज मुंबईच्या कार्यालयात दाखल आहे, परीक्षण अहवाल अजून यायचा आहे.