रात्रीची ठकठक

इंग्लंडमधल्या रेडिंग या गावी आमचे घर आहे. ते १९३०च्या दशकातले. बांधले तेव्हा खोल्याखोल्यांत कोळशाच्या फायरप्लेस होत्या. गरम पाण्याच्या नळ्या मागाहून कधीतरी लाकडी जमिनीखालून फिरवलेल्या. अशा घराने हिवाळ्यात थोडी कुरकुर करायचीच, अशी आमची समजूत होती आणि त्या समजुतीवर आम्ही आठ हिवाळे निवांत झोपलो.

गेल्या नोव्हेंबरात सांगलीहून बाबा आले. आमच्यापैकी एकाचे वडील, दुसऱ्याचे सासरे. आई गेल्यानंतरचा त्यांचा हा पहिला हिवाळा, म्हणून आम्हीच आग्रहाने बोलावले. वरची लहान खोली त्यांना दिली. तेथे आजवर अडगळ असे आणि रेडिएटर बंद असे. तो सुरू केला, आणि एरवी रात्री दहाला थांबणारे हीटिंग बाबांसाठी रात्रभर चालू ठेवू लागलो. तिसऱ्या रात्री ठकठक सुरू झाली. कुणी नळीवर हातोडीने भराभर ठोके घालावेत तशी. मिनिटभर चाले, थांबे, पुन्हा सुरू होई. नळ्यांतून ती घरभर पसरे, त्यामुळे उगम कोठे हे कळेना. सकाळी बाबांनी विचारले, "माझ्यामुळे तर होत नाही ना रे हे?" आम्ही हसलो.

मग आम्ही अभ्यासाला लागलो. (सुशिक्षित माणसाची ही खोडच, शेजारच्या खोलीत जाऊन ऐकण्याआधी तो वाचायला बसतो.) टकटक असा सुटा, मंद आवाज नळ्या तापताना येतो: पाच मीटरची तांब्याची नळी ५० अंशांनी तापली की सुमारे ४ मिलिमीटर लांबते आणि तुळईला घासते. खळखळ आली तर आत हवा अडकलेली. बॉयलरच किटलीसारखा खदखदू लागला तर आत क्षारांचा थर. थेम्सच्या खोऱ्यातले पाणी खडूच्या दगडांतून येते, त्यामुळे ते जड असते. आमचा आवाज यांपैकी कशातच धड बसेना. तरीही, हातात चावी होती म्हणून, आम्ही प्रत्येक रेडिएटरमधली हवा काढली. दोन ठिकाणी फुस्स झाले, दाब उतरला, तो पुन्हा १.५ बारपर्यंत चढवला. त्या रात्री घर शांत झाले. दुसऱ्या रात्रीही. आम्ही एकमेकांची पाठ थोपटून घेतली. एका मित्राला तर फोनवरून सविस्तर मार्गदर्शनही केले.

नऊ दिवसांनी, एका पहाटे, चहा द्यायला वर गेलो. बाबा पलंगावर बसले होते: स्वेटर, वर शाल, कानटोपी, पायांवर दोन पांघरुणे. रेडिएटर गार. टेबलावरच्या घड्याळात खोलीचे तापमान दिसते; ते ११ अंश होते.

"ती चकती शून्यावर नेली की आवाज थांबतो," बाबा म्हणाले. "तुम्हाला सकाळी कामाला जायचं असतं. आणि इकडे थंडी असायचीच."

निदान त्यांनी पहिल्याच आठवड्यात केले होते, उपायही. आमच्या फुस्स-फासाचा त्या शांततेशी काडीचा संबंध नव्हता. आवाज थांबला म्हणजे बिघाड गेला असे आम्ही धरून चाललो, आणि वरच्या खोलीत पंचाहत्तरीचा माणूस कुडकुडत होता. त्यांनी आल्याच आठवड्यात विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर 'हो' असे होते, आणि आम्ही हसलो होतो, हे आम्हाला अजून बोचते.

त्या चकतीच्या आत मेण किंवा द्रव असतो. खोली उबदार झाली की तो फुगतो, दांडा खाली दाबतो आणि पाणी अडवतो. अशा व्हॉल्व्हच्या अंगावर बहुधा प्रवाहाची दिशा दाखवणारा बाण असतो. पाणी उलट बाजूने आले तर व्हॉल्व्ह मिटत आला असता त्याच रेट्याने झडप फटकन बंद होते, पुन्हा उघडते, पुन्हा आपटते. तीच ठकठक. म्हणूनच चकती पूर्ण उघडी असताना आवाज नाही, पूर्ण बंद असतानाही नाही. खोली हवी तितकी गरम होत आली की मात्र हमखास.

दुसऱ्या सकाळी हीटिंग तासभर बंद ठेवले आणि रेडिएटरच्या दोन्ही नळ्या गार झाल्यावर सुरू केले. एका नळीवर बाबांचा हात, दुसरीवर आमचा. ज्या नळीतून पाणी येते ती आधी तापते. "माझी तापली," बाबा म्हणाले. व्हॉल्व्ह आमच्या बाजूला होता आणि त्याचा बाण रेडिएटरकडे तोंड करून होता. कोणीतरी, केव्हातरी, तो परतीच्या नळीवर बसवून टाकलेला.

प्लंबरने पाणी काढून दोन्ही दिशांना चालणारा व्हॉल्व्ह बसवला, गंजरोधक द्रव पुन्हा घातला. दोन तासांचे काम. खोली २० अंशांवर आली. तरी पुढचे काही दिवस आम्ही झोपण्यापूर्वी काहीतरी निमित्त काढून वर जात असू आणि येता येता रेडिएटरला हात लावून बघत असू. बाबांच्या ते ध्यानात आले असावे. ते काही बोलले नाहीत.

मार्चअखेर ते सांगलीला परतले. जाताना खोली झाडून, पांघरुणांच्या घड्या घालून, चकती शून्यावर करून गेले.