बिनकामाचे दोन दिवस



‘मुंबईला जाऊन आलो’ आणि ‘मुंबई पाहिली’ ही दोन वाक्ये आपण एकाच प्रवासाविषयी सहज बोलून जातो. अर्थाने मात्र ती एकमेकांपासून बरीच दूर आहेत. तुमच्यापैकी बहुतेक जण मुंबईला जाऊन आलेले असतील. कुणी मंत्रालयात अडकलेल्या कागदासाठी, कुणी घरच्या आजारी माणसाला परळच्या रुग्णालयात दाखवण्यासाठी, कुणी न्यायालयातील तारखेसाठी, कुणी नोकरीच्या परीक्षेसाठी. काम झाले किंवा झाले नाही, रात्रीची गाडी धरून आपण परततो. असा प्रवास दहा वेळा घडला, तरी शहर पाहायचे राहूनच जाते.

माझ्या वडिलांचे असेच झाले होते. तालुक्याच्या गावी कारकुनी करताना ते अनेकदा मुंबईस आले. कोणत्या कचेरीची कोणती खिडकी किती वाजता उघडते, हे त्यांना ठाऊक होते. ते निवृत्त झाल्यावर मी त्यांना म्हणालो, “अण्णा, दोन दिवस मुंबईला जाऊ.” त्यांनी विचारले, “काम काय आहे?” मी म्हणालो, “काही नाही. बघायला जाऊ.” या उत्तराने ते थोडे संकोचले. बिनकामाने राजधानीत जाणे हा आपल्यासारख्यांचा विषय नव्हे, अशी त्यांची समजूत होती. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोरच्या पदपथावर उभे राहून त्यांनी वर पाहिले. फाटकाच्या एका खांबावर दगडी सिंह, दुसऱ्यावर वाघ. “या रस्त्याने इतक्या वेळा गेलो, हा वाघ कधी दिसला नाही,” एवढेच ते बोलले.

वाघ तेथे १८८८ पूर्वीपासून असावा तसाच होता. त्याच्याकडे पाहण्यास लागणारी पाच मिनिटे अण्णांच्या वाट्याला आली नव्हती. म्हणून दोन दिवसांच्या मुंबईभेटीची आखणी करताना मी आधी ही पाच-पाच मिनिटे राखून ठेवतो आणि मग स्थळे ठरवतो.

आखणीचे पहिले सूत्र असे, की सारे शहर पाहण्याचा हट्ट सोडावा. जुहू, बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान आणि घारापुरी एकाच यादीत घातली, की दिवस वाहनांतच सरतो. दुसरे सूत्र वारांचे. शनिवार-रविवार मिळत असतील, तर रेल्वेने हिंडण्याचा दिवस शनिवारी ठेवावा आणि पायी हिंडण्याचा रविवारी. कारण रविवारी उपनगरी मार्गांवर दुरुस्तीसाठी मेगाब्लॉक घेतला जातो. उलट फोर्टमधील कचेऱ्या त्या दिवशी बंद असल्याने तेथील रस्ते चालण्यास मोकळे मिळतात.

शनिवारी सकाळची गर्दी ओसरल्यावर भायखळ्यास उतरावे. राणीच्या बागेलगत डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. १८७२ साली ते लोकांसाठी खुले झाले; बुधवारी ते बंद असते. शहराचे जुने नकाशे आणि नाना व्यवसायांतील माणसांच्या मातीच्या छोट्या प्रतिकृती तेथे आहेत. मात्र भाषेच्या विद्यार्थ्याने या आवारातील दोन प्राणी चुकवू नयेत. एक दगडी हत्ती आहे. तो मूळचा घारापुरी बेटावरचा. त्याला पाहूनच पोर्तुगिजांनी त्या बेटाला ‘एलिफंटा’ म्हटले. दुसरा आहे घोडा, त्यावर स्वार झालेल्या एडवर्ड राजासह. हा पुतळा १९६५ पर्यंत फोर्टमध्ये उभा होता आणि त्याच्यावरून त्या चौकाला ‘काळा घोडा’ हे नाव पडले. हत्ती आणि घोडा दोघेही भायखळ्यात आले. त्यांनी दिलेली नावे मात्र जागच्या जागी राहिली. शब्द आणि वस्तू यांच्या संबंधाविषयी आपण भाषाविज्ञानाच्या पाठात जे वाचतो, त्याचे इतके ढळढळीत उदाहरण मला दुसरीकडे आढळलेले नाही.

भायखळ्याहून स्लो लोकलने माटुंग्यास जावे. वाटेत चिंचपोकळी लागेल; चिंचेची झाडे शोधू नयेत, नाव ऐकावे. माटुंगा स्थानकाजवळ ए. रामा नायक यांचे उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ पासून चालू आहे. येथे केळीच्या पानावर दक्षिणी पद्धतीचे साधे, पोटभर जेवण मिळते. रांग असेल, तर उभे राहावे; ही जेवणाची रांग आहे, खिडकीची नव्हे. दुपार कलल्यावर एक स्थानक मागे, दादरला यावे. साबुदाणा वडा आणि पियूष घेऊन शिवाजी पार्काकडे चालत जावे, चैत्यभूमीस वंदन करावे आणि तेथेच समुद्रावर संध्याकाळ घालवावी.

रविवारी सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून आरंभ करावा. फ्रेडरिक स्टीव्हन्स या वास्तुविशारदाची ही इमारत २००४ पासून जागतिक वारसा आहे. येथून दादाभाई नवरोजी मार्गाने दक्षिणेस निघालो, की हुतात्मा चौक लागतो. संयुक्त महाराष्ट्रासाठी प्राण देणाऱ्यांचे स्मारक येथे आहे. १९६० साली मुंबईसह महाराष्ट्र झाला, तो या माणसांमुळे. तुमच्या-माझ्या गावातल्या माणसाने या शहरात संकोचाने का वावरू नये, याचे उत्तर या चौकात मिळते.

येथून पूर्वेस वळल्यावर सेंट थॉमस कॅथीड्रल आणि हॉर्निमन सर्कल येते. किल्ल्याच्या तटाचा जो दरवाजा या चर्चकडे नेत असे, तो ‘चर्चगेट’. तट एकोणिसाव्या शतकाच्या साठीच्या दशकात पाडला गेला. आज फोर्टात किल्ला नाही आणि चर्चगेटला दरवाजा नाही. समोरच्या टाउन हॉलच्या पायऱ्यांवर बसून थोडा विसावा घ्यावा. एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय याच वास्तूत आहे. मग काळा घोडा चौक. २०१७ साली तेथे पुन्हा एक घोडा उभारण्यात आला, पण स्वाराविना. आदल्या दिवशी भायखळ्याचा घोडा पाहिलेला असला, तर ही मोकळी पाठ अधिक बोलकी वाटते. पुढे गेटवे ऑफ इंडिया. १९२४ साली पूर्ण झालेल्या याच कमानीतून १९४८ साली ब्रिटिश सैन्याची अखेरची तुकडी परत गेली. सारे अंतर तीन-चार किलोमीटरांहून अधिक नाही.

जेवणाचेही असेच पाहावे. धोबीतलावाजवळ कयानी हे १९०४ सालचे इराणी हॉटेल आहे. तेथे चहासोबत मस्कापाव मागवला, की टेबलावर दोन भाषा येतात: ‘मस्का’ फारसीतून आलेला, ‘पाव’ पोर्तुगीजमधून. रस्त्यावरचा वडापाव घेतला, तर त्यातला वडा आपला. बटाटा आणि पाव हे दोन्ही शब्द पोर्तुगिजांचे. बाहेरून आलेल्यांना या शहराने जेवणाच्या ताटात आणि बोलण्यात एकाच वेळी जागा दिली. दुपारी फोर्टमधील एखाद्या मालवणी किंवा मंगळुरी खाणावळीत मासे खावेत. रविवारी काही उपाहारगृहे बंद असतात, म्हणून आदल्या दिवशी फोन करून खात्री करावी.

सायंकाळी ओव्हल मैदान ओलांडावे. पूर्वेकडे विद्यापीठाचा राजाबाई टॉवर व उच्च न्यायालय, पश्चिमेकडे गोलसर कोपऱ्यांच्या आर्ट डेको इमारती. या दोन्ही मिळून २०१८ साली जागतिक वारसा ठरल्या. पुढे पाच-सात मिनिटांवर मरीन ड्राइव्ह आहे. तेथे काही पाहायचे ठरवू नये. कठड्यावर बसावे आणि गाडीची वेळ होईपर्यंत उठू नये.

या आखणीत खूप काही वगळले आहे आणि ते वगळलेलेच राहू द्यावे. जागा उरली असेल, तर तीत एक माणूस घ्यावा. तुमच्या घरात आई, वडील, काका, थोरली बहीण असे कुणीतरी असेल, ज्यांनी मुंबई आजवर रांगेतूनच पाहिली आहे. त्यांचेही तिकीट काढावे आणि ‘काम काय?’ असे त्यांनी विचारले, तर काही कारण शोधत बसू नये.