थंडीवरचा भरवसा

थंडी कडक पडली की कीड मरते, यावर माझा वर्षानुवर्षं विश्वास होता. बदनापूरच्या शिवारात पारा दहाच्या खाली उतरला की हरभऱ्याला, गव्हाला मानवलं म्हणून बरं वाटायचंच. शिवाय कपाशीतली बोंडअळीही आता गारठून संपेल, असं मी धरून चालायचो. आता मी तसं मानत नाही.

जानेवारीत बांधावरच्या पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या, गंजीतलं एक वाळकं, न उमललेलं बोंड फोडलं. आत दोन सरक्या धाग्यानं एकमेकींना घट्ट चिकटलेल्या. नखानं सोडवल्या, तर पोखरलेल्या पोकळीत गुलाबी अळी वेटोळं करून पडलेली. मेली असेल असंच वाटलं. तळहातावर घेऊन उन्हात धरली, तेव्हा तिनं हळूच डोकं हलवलं.

ही अळी थंडीच्या तडाख्यात सापडतच नाही. दिवस लहान होऊ लागले, रात्री गार पडू लागल्या आणि बोंडं पिकत आली, की ती आधीच सावध होते. अंगात चरबी साठवते, खाणं बंद करते, श्वासोच्छ्वास अगदी मंद करते आणि कोषात न जाता सरकीत पडून राहते. याला सुप्तावस्था म्हणतात. कित्येक महिने ती अशी काढू शकते.

आणि आपली थंडी ती केवढी! उत्तर अमेरिकेत एका रानझाडाच्या गाठीत राहणारी माशीची अळी हिवाळ्याआधी अंगात ग्लिसरॉल तयार करते. तिच्या शरीरातलं पाणी गोठतं, पण वसंतात ती पुन्हा हलू लागते. इतर अनेक कीटक उलटी वाट धरतात. आतडं रिकामं करतात, कारण अन्नाच्या कणाभोवती बर्फ धरायला लागतो. मग शून्याच्या कितीतरी खाली गेलं तरी त्यांच्या अंगातला रस पातळच राहतो. हे वाचल्यावर आपल्या आठ-दहा अंशांवर भिस्त ठेवणं मला पटेना.

खरी गोम आमच्या फरदडीत आहे. डिसेंबरनंतर एखादं पाणी देऊन कपाशी पुढे ओढायची, चार पैसे जास्त मिळतात. मीही ते केलं आहे आणि त्यामागची गरज मला कळते. पण ती उशिराची हिरवी बोंडं म्हणजे अळीला आयतं अन्न आणि निवारा. उपाशी मरायची वेळ तिच्यावर येऊच नये, याची सोय आपणच करतो. 2017 साली मराठवाड्यात आणि विदर्भात बोंडअळीनं कपाशीची जी दैना केली, ती ज्यानं पाहिली त्याला फरदडीचा हा हिशेब वेगळा सांगावा लागत नाही.

कपाशीचं बियाणं ठरावीक तारखेच्या आधी शेतकऱ्यांना विकू नये, या सरकारी आदेशाचाही मला राग यायचा. आता तो आदेश मला हवासा वाटतो. सुप्तावस्था संपून उन्हाळ्याच्या शेवटी, पहिल्या पावसाच्या सुमारास पतंग बाहेर पडतात. पतंगाचं आयुष्य थोड्या दिवसांचं. त्या वेळी शिवारात कुठेच पाती-फुलं नसतील, तर त्यांची पुढची पिढी उभी राहत नाही. मात्र एकानं मे महिन्यात लागवड केली, की आजूबाजूच्या सगळ्यांची मेहनत वाया जाते. म्हणून हे गावानं मिळून करायचं काम आहे, एकट्याच्या फवारणीनं भागणारं नाही.

यंदा शेवटची वेचणी झाली आणि पऱ्हाटी बारीक करून रानातच गाडली. आईनं लगेच विचारलं, "मग चुलीला काय लावू रे?" प्रश्न रास्त आहे, गॅसची टाकी दर वेळी परवडत नाही. इथल्याच संशोधन केंद्रानं काढलेली बीडीएन-711 तूर आमच्याकडे असते. तिच्या तुराट्या पुरवून पुरवून लावायच्या, असं सध्या ठरलं आहे. कमी पडल्या तर विकत घेऊ, पण पऱ्हाटीची गंजी बांधावर लावणार नाही.