तिर्री आली नसती तर?

कॉलेज सोडलं, पत्ते खेळला, करोडपती झाला! अशा स्टोऱ्या आपल्याला जाम आवडतात. सोमवारी सकाळी ऑफिसला जाताना वाचल्या, की आपलं पॅकेज आणखीनच बारीक वाटायला लागतं.

जो काडा हा त्यातला सुपरहिट हिरो. अमेरिकेतल्या मिशिगनचा पोरगा. आई कॅसिनोत पत्ते वाटायची, तरी पोरानं पोकरवर पोट भरावं हे घरच्यांना पसंत नव्हतं. मिशिगनच्या कॅसिनोत खेळायचं वय झालं नव्हतं, तेव्हा एकोणिसाव्या वर्षी हा पठ्ठ्या सीमेपलीकडे, कॅनडातल्या विंडसरला जाऊन खेळायचा. पुढे कॉलेजला रामराम आणि दिवसरात्र ऑनलाइन पोकर. नोव्हेंबर 2009मध्ये लास वेगासला वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरची मुख्य स्पर्धा त्यानं जिंकली. खेळाडू होते 6,494. याचं वय 21. इतक्या लहान वयात तोवर ती कुणीच जिंकली नव्हती. बक्षीस 85 लाख 46 हजार 435 डॉलर्स. तेव्हाच्या भावानं जवळपास 40 कोटी रुपये!

ही स्टोरी मला सांगितली माझ्या आतेभावानं. इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. होस्टेलवर मोबाइलवर पोकर खेळायचा. ऑगस्ट 2025मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सवर कायद्यानं बंदी आली आणि साहेबांचा नवा प्लॅन ठरला. कॉलेज सोडायचं, 21 पूर्ण झाली की थेट गोवा, मांडवीतल्या कॅसिनोत.

'ताई, तूच आईला पटव ना. तूसुद्धा तर नोकरी सोडलीस.'

मुद्दा बिनतोड होता. मी फ्रीलान्सर. कुठला चेक कधी येईल, ते देवालाही ठाऊक नसतं. आत्या माझं ऐकते, हेही त्याला माहीत. म्हणून मी काडाची स्टोरी नीट वाचून काढली.

पहिली गंमत म्हणजे त्या 40 कोटींतले निम्मे त्याचे नव्हतेच! स्पर्धेची 10,000 डॉलर्सची फी भरली होती क्लिफ जोसेफी आणि एरिक हेबर या दोघा पोकरवाल्यांनी. बदल्यात कमाईतला अर्धा वाटा त्यांचा. म्हणजे हरला असता तर फी त्यांची बुडाली असती. घर सोडून जुगार खेळणारा बेधडक हिरो? छे! यानं रिस्क आधीच विकून टाकली होती.

दुसरी गंमत पत्त्यांची. फायनलमध्ये एका वेळी त्याच्याकडे जेमतेम चिप्स उरल्या होत्या. हातात तिर्रीची जोडी, समोरच्याकडे गुलामांची. यानं सगळं लावलं आणि टेबलावर आणखी एक तिर्री आली. नंतर पुन्हा तेच. याच्याकडे दुर्रीची जोडी, समोर राण्या. आली की दुर्री! अशी छोटी जोडी मोठीला हरवते पाचातून एखाद्या वेळी. लागोपाठ दोनदा? साधारण तीसातून एकदा. काडा चांगलाच खेळतो, नंतरही त्यानं मोठ्या स्पर्धा जिंकल्या. पण त्या दिवशी तिर्री आली नसती, तर आपण त्याचं नाव तरी ऐकलं असतं का?

तिसरी गोष्ट गमतीची नाही. एप्रिल 2011मध्ये अमेरिकी सरकारनं पोकरच्या बड्या साइट्सवर कारवाई केली आणि तिथल्या ऑनलाइन खेळाडूंचा धंदा एका दिवसात बसला. आपल्याकडे 2025मध्ये तेच झालं.

मी आतेभावाला एवढंच विचारलं, 'जिंकलेले आकडे पाठ आहेत तुझे. हरलेले किती?' तो गप्प. लिहूनच ठेवले नव्हते.

नोकरी सोडताना माझ्याकडे डिग्री होती आणि सहा महिन्यांचा खर्च बँकेत. म्हणून मी त्याला डील दिलं. आधी डिग्री. मग स्वतःच्या कमाईतून बाजूला काढलेले पैसे, आणि वर्षभर हार-जीत दोन्हींचा हिशोब वहीत. ती वही घेऊन ये, आत्याशी मी बोलते.

तो सध्या माझ्यावर रुसलाय. चालेल. काडालाही पैसे देणारे आधी त्याचा खेळ बघूनच आले होते. आत्याला काय बघायला देणार?