ओरखडा भरत नाही



माझी सारी नोकरी भोसरीच्या एमआयडीसीत पॉलिशच्या खात्यात गेली. स्टीलचे पत्रे आणि पाइप फिरत्या चाकावर धरून आरशासारखे करायचे, हेच तीस वर्षे केले. त्यामुळे एका सकाळी घरच्या गॅसच्या शेगडीवर ओरखड्यांचे जाळे दिसले, तेव्हा माझे डोके फिरले.

सूनबाई चाकणच्या एका कारखान्यात दुसऱ्या पाळीला जाते. आदल्या रात्री बाराला घरी आली, तर शेगडीवर दूध उतू जाऊन करपलेले. तिने तारेच्या घासणीने ते खरवडून काढले आणि मग झोपली. सकाळी मी तिला नको ते बोललो. "चुकलं, आप्पा," एवढेच ती म्हणाली आणि दुपारी डबा न घेताच कामावर गेली.

ती गेल्यावर मी पॉलिश पेपर काढला. ही कामाची गोष्ट सांगतो, तुमच्याही घरी उपयोगी पडेल. सिलिंडर बंद करावा, शेगडी गार होऊ द्यावी. मॅट स्टीलच्या पत्र्यावर बारीक समांतर रेषा असतात. घासायचे ते त्या रेषांच्या दिशेनेच. आडवे किंवा गोल घासले, की नवे ओरखडे उठतात. पेपरचा नंबर जेवढा मोठा, तेवढा कण बारीक. म्हणून आधी ६०० नंबरचा पेपर पाण्यात भिजवून हलक्या हाताने फिरवावा. ओरखडा हटला नाही तरच ४०० वर, मग ३२० वर यावे. प्रत्येक वेळी पत्रा स्वच्छ पुसावा, कारण मागे राहिलेला एक जाड कण सगळे काम बिघडवतो. लोखंडी तारेची घासणी तर वापरूच नये. तिचे तुकडे पत्र्यावर राहतात आणि तेच पुढे गंजतात.

रागाच्या भरात मी स्वतःच आडवा हात मारला आणि ओरखडे वाढवले. मग थांबलो. नव्या पोरांना मी नेहमी शिकवत असे, "ओरखडा कधी भरून निघत नाही. त्याच्या भोवतीचा पत्रा त्याच्या तळापर्यंत उतरवावा लागतो. उंच राहिलेले झिजले, तरच तो जातो."

माऊली, हे आठवले आणि हातातला पेपर खाली ठेवला. कारण ते दूध मीच तापत ठेवले होते. हरिपाठाला बसलो आणि विसरलो. करपल्याचा वास आल्यावर गॅस बंद केला आणि "सकाळी बघू" म्हणत झोपलो. सकाळी तिच्यावर ओरडतानाही हे मला ठाऊक होते. ओरखडा तिच्या मनावर उठला होता आणि उंच राहिलेला पत्रा मी होतो.

तुकोबारायांची पालखी आकुर्डीला विसावते, तेव्हा मी दरवर्षी जातो. अनोळखी वारकऱ्याच्या पायांवर डोके ठेवताना तिथे वय आडवे येत नाही. घरात मात्र सुनेपुढे वाकायला मान तयार नव्हती.

रात्री बस येईपर्यंत दाराशी बसून राहिलो. ती आल्यावर म्हणालो, "पोरी, दूध माझ्या हातून उतू गेलं होतं. मला माहीत असून तुला बोललो. मला माफ कर." ती क्षणभर गप्प राहिली. मग चपला काढता काढता म्हणाली, "आप्पा, तुम्ही जेवलात का?"

दुसऱ्या दिवशी शांतपणे, रेषा धरून घासले. बहुतेक ओरखडे गेले. डाव्या बर्नरजवळचा एक खोल आहे. तो काढायचा, तर पत्रा फार पातळ होईल, म्हणून राहू दिला. आता दूध ठेवले, की मी त्याच्याकडे बघत उभा राहतो आणि हरिपाठ उभ्यानेच म्हणतो.

तुमच्या घरी असा ओरखडा असेल, तर आधी कोणता पत्रा उंच राहिला आहे ते पाहा.

रामकृष्ण हरी.